तबकडीचा वेग आणि इतिहासाचा सूर

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं, "सर, वडिलांच्या रेकॉर्डी घरीच संगणकावर घेतोय. यात इतिहासाचा काय संबंध?" आजचं बोलणं म्हणजे त्यांना दिलेलं उत्तर आहे, असं समजा.

आपण म्हणतो, "नक्कल तर करायची आहे." पण नक्कल करताना आपण तीन निर्णय घेतो, आणि ते घेतोय हे आपल्याला कळतही नाही.

पहिला निर्णय वेगाचा. जुन्या लाखेच्या तबकड्यांना आपण सरसकट '78' म्हणतो. पण हा आकडा पक्का झाला तो 1925च्या सुमारास विजेवरचं ध्वनिमुद्रण आल्यानंतर, तोही हळूहळू. त्याआधीच्या तबकड्या मिनिटाला साधारण 70 ते 82 फेऱ्यांपर्यंत कुठल्याही वेगाने भरलेल्या असत. आता 72च्या वेगाने भरलेली तबकडी 78ने वाजवली तर काय होतं? आवाज पेटीवरच्या जवळजवळ दीड पट्टीएवढा वर चढतो. काळी एकमध्ये गाणारा गवई पांढरी दोनच्याही थोडा वर पोचतो, शिवाय तानही जलद होते. मग आपण लिहून मोकळे होतो, "काय ती जुन्या लोकांची पट्टी, काय ती तयारी!" ती मंडळी थोर होतीच. पण त्या थोरवीतला थोडा वाटा आपल्या मोटारीचा असू शकतो.

दुसरा निर्णय खरखरीचा. इथे माझीच फजिती सांगतो. एका एलपीची खरखर काढायला मी संगणकाला सुरुवातीच्या दोन सेकंदांचा नमुना दिला. त्या दोन सेकंदांत तंबोरा सुरू झालेला होता, हे ध्यानातच आलं नाही. यंत्राने इमानेइतबारे तंबोराही पुसला! गोंगाट कुठला आणि संगीत कुठलं हे यंत्र ठरवत नाही. ते आपण ठरवतो, यंत्र फक्त ऐकतं.

तिसरा निर्णय कात्रीचा. नोव्हेंबर 1902मध्ये फ्रेड गेसबर्गने कलकत्त्यात गौहर जानचं गाणं मुद्रित केलं. तबकड्या छापायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कारागिरांना गाणं कुणाचं हे कळावं म्हणून शेवटी गायिका स्वतःचं नाव इंग्रजीत सांगे, असं म्हणतात. तीन मिनिटांच्या गाण्यामागचे ते दोन-तीन सेकंद म्हणजे अक्षरशः दस्तऐवज. आणि आपण घरी काय करतो? "गाणं संपलं" म्हणून तेवढंच कापतो.

तत्त्वज्ञान शिकवताना मी विचारायचो, मूळ म्हणजे काय? तबकडीपुरतं उत्तर असं, की मूळ गाणं कधीच हवेत विरलं, आपल्या हाती उरली ती त्याची खूण. खुणेवर मत लादू नये.

म्हणून एवढंच करा. तबकडी आधी स्वच्छ करा. 78साठी जाड टोकाची सुई वापरा. एलपीची बारीक सुई तिच्या रुंद खाचेत तळाशी जाते आणि तिथली घाणच वाचते. पहिली प्रत काहीही न पुसता, न कापता ठेवा. सोबत वेग, सुई, तारीख आणि लेबलवरचा क्रमांक लिहा. ऐकायला हवी तर दुसरी प्रत खुशाल साफ करा.

उद्या कुणी नातू योग्य वेग शोधून काढील. त्याच्यासाठी ती खरखर शाबूत असू द्या.