न वाजलेले संगीत : ‘कुंकू’मधील कॅमेरा आणि ध्वनी

जरठ-कुमारी विवाह हा मराठी साहित्याचा जुना विषय. गोविंद बल्लाळ देवल यांच्या ‘संगीत शारदा’ (१८९९) या नाटकात शारदेचे दुःख पदांतून प्रेक्षकांपर्यंत पोहोचले. त्या दुःखाला सूर होता, आणि शेवटी लग्नही मोडते. प्रेक्षक डोळे पुसून, पण निश्चिंत मनाने घरी जाऊ शकत होता.

व्ही. शांताराम यांनी प्रभात फिल्म कंपनीसाठी १९३७ साली काढलेला ‘कुंकू’ ही सोय नाकारतो. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटात फसवून लावलेले लग्न प्रत्यक्षात घडते. प्रौढ, विधुर वकील काकासाहेब (केशवराव दाते) यांच्या घरात नीरा (शांता आपटे) येते. मात्र ती पत्नीपण स्वीकारायला ठाम नकार देते.

येथे शैलीचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. छायाचित्रकार व्ही. अवधूत आणि संगीतकार केशवराव भोळे यांनी आदल्याच वर्षी ‘संत तुकाराम’साठी काम केले होते. त्या चित्रपटाचा प्राणच मुळी अभंग होता. ‘कुंकू’त गाणी आहेत, परंतु भावना चढविणारे पार्श्वसंगीत वगळून भर दिला आहे तो घरातल्या नैसर्गिक आवाजांवर. बोलपटाला आपल्याकडे जेमतेम सहा वर्षे झाली असताना, संगीत नाटकाच्या संस्कारात वाढलेल्या प्रेक्षकासमोर केलेले हे धाडस होते.

संगीत मागे सरते तेव्हा कॅमेऱ्याची जबाबदारी वाढते. भिंतीवरचे लोलकाचे घड्याळ, आरशात स्वतःचे वय पाहणारे काकासाहेब, या वस्तूच बोलू लागतात. घड्याळाच्या ठोक्यांत नीरेचे कोंडलेपण आहे, तसेच काकासाहेबांचे सरणारे आयुष्यही आहे. कोणाची कीव करावी, हे सांगायला व्हायोलिन नसते. म्हणूनच काकासाहेब केवळ खलपुरुष राहत नाहीत. त्यांना आलेली अपराधाची जाणीव आणि अखेरची आत्महत्या आपल्याला अस्वस्थ करते. नीरेची सुटकाही निर्भेळ आनंदाची ठरत नाही.

बीड जिल्ह्यातल्या वर्गात हा चित्रपट निव्वळ इतिहास म्हणून शिकवता येत नाही. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला निघालेली कुटुंबे मुलीला मागे कोणाच्या भरवशावर ठेवायचे, या काळजीपोटी तिचे लग्न लहान वयातच उरकून टाकतात. नवरा म्हातारा नसतो, हे खरे. पण मुलीला विचारले जात नाही, हे तसेच आहे. अशा लग्नात वाजंत्री मात्र मोठ्याने वाजते, आणि मुलगी काय म्हणत होती ते त्या आवाजात कोणालाच ऐकू येत नाही. ‘कुंकू’ने वाजंत्री थांबवली, म्हणून नीरेचा नकार आजही स्पष्ट ऐकू येतो.