सेखमेतचे बाण

इसवी सनपूर्व चौदाव्या शतकात इजिप्तचा राजा तिसरा आमेनहोतेप याने एकाच देवीच्या शेकडो मूर्ती घडवून घेतल्या. काळसर, टणक दगडाच्या. काही बसलेल्या, काही उभ्या. शरीर स्त्रीचे, तोंड सिंहिणीचे, मस्तकावर सूर्यबिंब. ही सेखमेत. मूर्तींची संख्या सातशेच्या पुढे असावी, असा अंदाज आहे. वर्षातल्या प्रत्येक दिवसासाठी एक बसलेली आणि एक उभी मूर्ती, असे दगडात कोरलेले हे स्तोत्रच होते, असे मत फ्रेंच अभ्यासक ज्याँ योयोत यांनी मांडले. हौसेखातर इतका दगड कोणी फोडत नाही. वर्षभर संरक्षण मिळावे म्हणून राजाने केलेली ही विनवणी होती.

कारण सेखमेत कोपली की काय होते, हे इजिप्तच्या लोकांना ठाऊक होते. माणसांनी सूर्यदेव रा याच्याविरुद्ध कट केला, तेव्हा त्याने आपली कन्या हाथोर हिला त्यांच्यावर सोडले. ती सेखमेत झाली आणि कत्तल थांबवीना. अखेर रा यानेच माणसांची कणव येऊन सात हजार घडे बिअर लाल रंगवून रातोरात शेतांत ओतली. सकाळी देवी ती पीत सुटली, झिंगली आणि माणसे तिला ओळखूच येईनात. म्हणून आपण वाचलो! ही कथा पहिल्या सेतीच्या थडग्यात भिंतीवर कोरलेली आहे.

युद्धात ती राजाच्या बाजूने असे. साथी मात्र तिच्याच बाणांनी पसरतात, अशी समजूत होती. सर्वांत धास्ती वर्ष सरतानाच्या पाच जादा दिवसांची. त्या दिवसांत लोक मंत्र म्हणून घेत, गळ्यात ताईत बांधत.

जी रोग धाडते तीच तो मागे घेऊ शकते, हा विचार इथे फार खोल रुजला होता आणि त्यातूनच तिचे पुजारी वैद्यकाकडे वळले. इसवी सनपूर्व 1550च्या सुमाराच्या एबर्स पपायरसमध्ये नाडीपरीक्षेचा उतारा आहे. रोग्याच्या डोक्यावर, हातांवर, पायांवर बोटे ठेवली की सगळीकडे हृदयच जाणवते, असे तो सांगतो. बोटे ठेवणारे कोण? वैद्य, ताईत देणारा मांत्रिक आणि सेखमेतचा पुजारी. बळीच्या बैलाचे रक्त तपासून मांस शुद्ध असल्याचा निर्वाळाही हेच पुजारी देत. त्यांना निव्वळ भोंदू म्हणणे अन्यायाचे ठरेल. ते देहाकडे बारकाईने पाहत होते.

आमेनहोतेपच्या त्या मूर्ती आज जगभर विखुरल्या आहेत. एकट्या तुरीनच्या संग्रहालयात 21 आहेत. पण कर्नाकला जाणाऱ्यांनी तिथले प्ताहचे छोटे मंदिर चुकवू नये. प्ताह हा सेखमेतचा पती. तिथल्या अंधाऱ्या गाभाऱ्यात, छताच्या झरोक्यातून येणाऱ्या उजेडात तिची मूर्ती आजही उभी आहे.