होनाजीचा बाळा

ज्ञातीच्या थोर पुरुषांचे स्मरण करावयाचे झाले म्हणजे आम्ही श्रीसंत नामदेव महाराजांपासून आरंभ करितो आणि बहुधा तेथेच थांबतो. त्यामुळे उत्तर पेशवाईतील पुणे ज्याच्या गळ्यावर लुब्ध झाले होते, तो आमचा एक ज्ञातिबांधव विस्मृतीत गेला. बाळा करंजकर हे त्याचे नाव.

‘होनाजी बाळा’ हा एकच शाहीर, असा समज सुशिक्षितांतही आढळतो. वस्तुतः ही माणसे दोन. होनाजी शिलारखाने हा पुण्याचा गवळी. शाहिरी त्याच्या घराण्यातच होती. बाळा शिंपी. कवने होनाजीने रचावी व ती बाळाने गावी, अशी या फडाची वाटणी. नाच्या पोऱ्या लुगडे नेसून, पायांत चाळ बांधून नाचे. मागे ढोलकी, तुणतुणे, मंजिरी. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत (१७९६–१८१८) या जोडीस खुद्द पेशव्यांचा आश्रय लाभला. बाजीरावाच्याच सूचनेवरून होनाजीने रागदारीवर लावण्या बांधल्या, असे सांगतात. तसे असेल तर त्या पेलणारा गळा किती तयारीचा असला पाहिजे! परंतु लिहिलेले कवन बाडात उरते, गळा मात्र चितेबरोबर जातो. होनाजीची कवने पुढे छापली गेली. बाळा नावाच्या उत्तरार्धापुरता उरला. १९५१ साली व्ही. शांताराम यांनी ‘अमर भूपाळी’ हा चित्रपट काढला, तोही होनाजीवर.

परक्यांस बोल कशाला लावावा? तमाशाचे नाव काढिताच नाक मुरडणारी घरे आमच्यातही थोडी नव्हती. गंमत अशी की, त्याच घरांतून पहाटे होनाजीची भूपाळी भक्तिभावाने म्हटली जाई! सिन्नरजवळच्या बावी गावचा शाहीर परशराम हाही शिंपीच, आणि विठ्ठलाचा भक्त. परंतु त्याच्याही लावण्यांचा उल्लेख ज्ञातीच्या सभांतून क्वचितच होतो. लाजेपायी किती बाडे रद्दीत अथवा चुलीत गेली असतील, या विचाराने आम्हांस खरोखर वाईट वाटते.

सभासदांपैकी कोणाच्या माळ्यावर, जुन्या पेटीत लावण्यांचे हस्तलिखित बाड अद्याप असेल, अथवा बाळाविषयी घरात चालत आलेली एखादी आठवण असेल, तर ती आम्हांस अवश्य कळवावी. बाड कितीही जीर्ण असले तरी चालेल.