वकिलाची फी आणि अशिलाचा पैसा : रोख रकमेपासून इलेक्ट्रॉनिक भरण्यापर्यंत व्यावसायिक आचारनियमांचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

वकिली हा विश्वासावर अधिष्ठित असलेला व्यवसाय होय. या विश्वासाची कसोटी न्यायालयातील युक्तिवादात जितकी लागते, तितकीच ती पैशाच्या देवघेवीतही लागते. अशील वकिलाच्या हाती जी रक्कम सोपवितो ती सर्वच वकिलाची नसते. तिचा काही भाग फीचा असतो, तर काही भाग कोर्ट फी, नकला, समन्स इत्यादी खर्चासाठी दिलेला असतो. हा दुसरा भाग खर्च होईपर्यंत अशिलाच्याच मालकीचा असतो. आज ही रक्कम भ्रमणध्वनीवरून क्षणार्धात वकिलाच्या बँक खात्यात जमा होते. साधन नवे असले, तरी त्यातून उद्भवणारा नैतिक प्रश्न जुनाच आहे. भारतातील नियमांनी या प्रश्नाला वेळोवेळी कोणते उत्तर दिले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ब्रिटिशकालीन पार्श्वभूमी

बंगाल प्रांतातील १७९३ च्या सातव्या रेग्युलेशनने कंपनीच्या न्यायालयांत वकिलांचा नियमबद्ध वर्ग निर्माण केला आणि त्यांच्या फीचे दरही ठरवून दिले. १८४६ च्या पहिल्या अधिनियमाने हे धोरण बदलले व वकिलाला अशिलाशी फीसंबंधी करार करण्याची मोकळीक दिली. या मोकळिकीला १८७९ च्या लीगल प्रॅक्टिशनर्स ॲक्टने आवर घातला. त्याच्या २८ व्या कलमानुसार असा करार लेखी असणे, त्यावर अशिलाची सही असणे आणि तो १५ दिवसांच्या आत न्यायालयात दाखल होणे आवश्यक ठरले. १९२६ च्या लीगल प्रॅक्टिशनर्स (फीज) ॲक्टने ही अट दूर केली आणि ठरलेल्या फीसाठी दावा लावण्याचा वकिलाचा हक्क मान्य केला. करार न्यायालयाच्या नजरेखालून गेला आणि वकील व अशील या दोघांपुरता उरला, हे या बदलाचे महत्त्व होय.

इंग्लंडमध्ये मात्र बॅरिस्टरची फी हे मानधन समजले जाई. ती वसूल करण्यासाठी त्याला दावा लावता येत नाही, हे १८६३ च्या केनेडी विरुद्ध ब्राऊन या निर्णयात स्पष्ट झाले. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत याच परंपरेची छाया होती. तेथे अशिलाचा आर्थिक व्यवहार प्रामुख्याने सॉलिसिटरशी असे. १ जानेवारी १९७७ पासून ॲटर्नी हा स्वतंत्र वर्ग कायद्याने संपुष्टात आला.

१९७५ ची नियमावली

स्वातंत्र्योत्तर काळात १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील एका वकिलाच्या प्रकरणात महत्त्वाचा निर्णय दिला. दाव्यातून मिळणाऱ्या रकमेत वाटा ठरविणे हे व्यावसायिक गैरवर्तन होय, असे त्यात म्हटले आहे. १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टने भारतीय विधिज्ञ परिषद स्थापन केली आणि परिषदेच्या १९७५ च्या नियमावलीने या तत्त्वांना निश्चित रूप दिले. निकालावर अवलंबून असलेली फी नियम २० ने निषिद्ध ठरविली. नियम २५ ने अशिलाच्या पैशाचा तारीखवार हिशेब ठेवणे बंधनकारक केले. नियम २६ नुसार आलेली रक्कम फीची की खर्चाची याची नोंद व्हावी, आणि दावा चालू असता खर्चाची रक्कम अशिलाच्या लेखी संमतीखेरीज फीकडे वळवू नये. अशिलाच्या वतीने रक्कम मिळाल्यास त्याला लवकरात लवकर कळवावे (नियम २७), आणि त्याने मागणी केल्यास हिशेबाची प्रत द्यावी (नियम ३०).

या नियमांत एक उणीव आहे. हिशेब स्वतंत्र ठेवावा असे ते सांगतात, परंतु बँक खाते स्वतंत्र असावे असे सांगत नाहीत.

इलेक्ट्रॉनिक भरणा : जुना नियम, नवे साधन

भारतात आरटीजीएस २००४ मध्ये, एनईएफटी २००५ मध्ये आणि यूपीआय २०१६ मध्ये सुरू झाले. २०१७ च्या वित्त अधिनियमाने एका व्यवहारात २ लाख रुपये वा अधिक रोख स्वीकारण्यास मनाई केली. त्यामुळे मोठ्या रकमा बँकेमार्फत येणे अपरिहार्य झाले. यातून तारीख आणि रक्कम यांची नोंद आपोआप होऊ लागली. परंतु रक्कम कशासाठी दिली, हे बँकेचे विवरणपत्र बहुधा सांगत नाही. ज्या खात्यातून वकिलाचा घरखर्च चालतो त्याच खात्यात अशिलाने कोर्ट फीसाठी पाठविलेले पैसे जमा झाले, तर नियम २६ मधील भेद केवळ वकिलाच्या सद्सद्विवेकावर उरतो.

अमेरिकेत हा प्रश्न आधीच उपस्थित झाला होता. अमेरिकन बार असोसिएशनने १९७४ मध्ये क्रेडिट कार्डाने फी घेण्यास काही निर्बंधांसह संमती दिली व २००० मध्ये ते मत मागे घेऊन निर्बंध सैल केले. मात्र अशिलाचा पैसा वेगळ्या खात्यात ठेवण्याचे बंधन तेथे असल्याने, कार्ड कंपनीचे शुल्क त्या पैशातून कापले जाऊ नये, ही दक्षता घ्यावी लागते.

साधन बदलल्याने गैरव्यवहार टळत नाही, हे २०१७ मधील तेलंगणातील एका प्रकरणावरून दिसते. मोटार अपघातात पती गमावलेल्या स्त्रीकडून नुकसानभरपाईच्या टक्केवारीने फी ठरवून वकिलाने धनादेश घेतला. तो न वटल्याने त्याने फौजदारी तक्रार केली. सर्वोच्च न्यायालयाने अशी फी लोकधोरणाविरुद्ध ठरवून कार्यवाही रद्द केली. येथे धनादेशाने व्यवहाराचा लेखी पुरावा निर्माण केला, परंतु त्याला नैतिक वैधता दिली नाही. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार अपघाताची भरपाई थेट दावेदाराच्या खात्यात जमा करण्यासंबंधी निर्देश दिले. इलेक्ट्रॉनिक साधन दुर्बल अशिलाचे रक्षणही करू शकते, हे त्यावरून स्पष्ट होते.

निष्कर्ष

१८७९ च्या कायद्याने लेखी करार मागितला, १९७५ च्या नियमांनी लेखी हिशेब मागितला. इलेक्ट्रॉनिक भरण्याने लेख सुलभ केला, पण हिशेबाची जबाबदारी कमी केली नाही. म्हणून अशिलाच्या पैशासाठी स्वतंत्र खाते, प्रत्येक भरण्यासोबत त्याच्या प्रयोजनाची नोंद आणि अशिलाला त्याच्या भाषेत पावती, या तीन गोष्टी नियमावलीत समाविष्ट होणे गरजेचे आहे. तालुका न्यायालयात येणाऱ्या अल्पशिक्षित अशिलाला नियम २६ ठाऊक नसतो. त्याचा पैसा सुरक्षित राहतो तो वकिलाने तो नियम पाळल्यामुळेच.