मनोलिस केलिस: अल्झायमरचं कोडं कम्प्युटरवर सोडवणारे प्राध्यापक

‘वय झालं की विसरायला होतंच’ असं म्हणत अल्झायमरकडे अनेकदा दुर्लक्ष होतं. पण या आजारात मेंदूच्या पेशी हळूहळू मरत जातात आणि तो पूर्ण बरा करणारं औषध आजही नाही. नेमकं बिघडतं कुठे, हे शोधणाऱ्यांमध्ये एक नाव आहे मनोलिस केलिस. ते कम्प्युटर सायन्सचे प्राध्यापक आहेत.

कोण आहेत केलिस?

जन्म ग्रीसचा. लहानपणी ते कुटुंबासोबत फ्रान्सला गेले आणि १९९३ मध्ये अमेरिकेत आले. २००३ मध्ये एमआयटीतून (पुण्यातली नव्हे, अमेरिकेतली) त्यांनी पीएचडी केली. पुढे तिथेच प्राध्यापक झाले.

सुरुवात यीस्टपासून

बायोइन्फर्मेटिक्स म्हणजे जीवशास्त्रातला प्रचंड डेटा कम्प्युटरने वाचणं. केलिस आणि सहकाऱ्यांनी यीस्टच्या चार जातींचे डीएनए शेजारी ठेवून तपासले. उत्क्रांतीत जो भाग टिकला तो कामाचा, हे त्यामागचं सूत्र. त्यातून यीस्टच्या जनुकांची संख्या सुमारे ५०० ने कमी करावी लागली.

मग अल्झायमर

एमआयटीतल्याच मेंदूतज्ज्ञ ली-ह्युई त्साय यांच्यासोबत त्यांनी हीच डेटाची नजर मेंदूकडे वळवली. २०१५ मध्ये या आजाराच्या आनुवंशिक धोक्याचा संबंध रोगप्रतिकारक पेशींशी असल्याचे पुरावे त्यांना मिळाले.

२०१९ मध्ये ४८ जणांच्या मेंदूतल्या ८०,६६० पेशी एकेक करून तपासल्या गेल्या. या लोकांनी मृत्यूनंतर मेंदू दान केले होते. बिघाड फक्त चेतापेशींत नव्हता. चेतातंतूंवरचं मायलिन, म्हणजे वायरवरच्या प्लास्टिकसारखं आवरण, त्याच्याशी संबंधित जनुकंही बिघडलेली दिसली. शिवाय स्त्री आणि पुरुषांच्या पेशी आजाराला वेगवेगळा प्रतिसाद देत होत्या.

याचा उपयोग काय?

अल्झायमरचा धोका वाढवणाऱ्या जनुकांमध्ये एपीओई४ हा प्रकार सर्वांत महत्त्वाचा मानला जातो. २०२२ मध्ये या गटाने दाखवलं की त्यामुळे मायलिन बनवणाऱ्या पेशींत कोलेस्टेरॉल भलत्याच जागी साचतं आणि आवरण कमी बनतं. कोलेस्टेरॉल हलवायला मदत करणारं औषध दिल्यावर उंदरांची स्मरणशक्ती सुधारली.

मात्र उंदरांवर चाललेलं औषध माणसांवर चालेलच असं नाही. अल्झायमरच्या बाबतीत हा अनुभव अनेकदा आला आहे. त्यामुळे हा उपचार नव्हे. पण औषध कुठल्या पेशींवर शोधायचं, याची यादी मोठी झाली आहे.