सनद, कर आणि दाता : डेव्हिड रुबेन्स्टाइन यांची गोष्ट

१/ १८ डिसेंबर २००७. न्यूयॉर्कच्या सोथबीज लिलावगृहात एका चर्मपत्रावर बोली लागली आणि ते २ कोटी १३ लाख डॉलरना विकले गेले. ती होती इ.स. १२९७ ची मॅग्ना कार्टा सनद. विकत घेणारे गृहस्थ होते ‘कार्लाइल’ या गुंतवणूक संस्थेचे सहसंस्थापक डेव्हिड रुबेन्स्टाइन. पुढच्याच वर्षी ही सनद अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात पुन्हा लोकांसमोर आली. या व्यवहारामागचे अर्थकारण आणि त्यातून उभा राहणारा प्रश्न, हा या थ्रेडचा विषय.

२/ आधी सनदेविषयी. मूळ मॅग्ना कार्टा १२१५ ची, राजा जॉनच्या काळातली. १२९७ मध्ये पहिल्या एडवर्डला फ्रान्सविरुद्धच्या युद्धासाठी पैसा हवा होता. जबर कर आणि लोकरीची जप्ती यांमुळे सरदार बिथरले. राजा फ्लँडर्समध्ये असताना त्याच्या पुत्राच्या कारभाऱ्यांना जुनी सनद नव्याने द्यावी लागली. राज्याच्या सामाईक संमतीविना असे कर घेणार नाही, असे वचनही द्यावे लागले. कर कोणी, कोणाच्या संमतीने भरायचा, या भांडणातूनच ही प्रत जन्माला आली.

३/ रुबेन्स्टाइन यांचा जन्म १९४९ चा, बाल्टिमोरमधल्या साध्या ज्यू कुटुंबातला. वडील टपाल खात्यात नोकरीला. ड्यूक विद्यापीठातून पदवी, शिकागो विद्यापीठातून कायद्याचे शिक्षण आणि १९७७ मध्ये, वयाच्या अवघ्या २७ व्या वर्षी, राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या देशांतर्गत धोरण विभागात जबाबदारीचे पद. १९८० ची निवडणूक कार्टर हरले आणि तो अध्याय संपला.

४/ वकिलीकडे परतलेल्या रुबेन्स्टाइन यांचे लक्ष एका व्यवहाराने वेधले. माजी अर्थमंत्री विल्यम सायमन यांनी १९८२ मध्ये ‘गिब्सन ग्रीटिंग्ज’ ही शुभेच्छापत्रांची कंपनी भागीदारासह सुमारे ८ कोटी डॉलरना घेतली. त्यात पदरचे पैसे जेमतेम १० लाख. बाकी सारे कर्ज. दोन वर्षांच्या आत सायमन यांच्या काही लाखांचे काही कोटी झाले.

५/ १९८७ मध्ये रुबेन्स्टाइन यांनी विल्यम कॉनवे, डॅनियल डी’अ‍ॅनिएलो आदींसह कार्लाइलची स्थापना केली. भांडवल ५० लाख डॉलर; नाव न्यूयॉर्कच्या एका हॉटेलावरून घेतलेले. मुख्यालय मात्र वॉल स्ट्रीटवर नव्हे, वॉशिंग्टनमध्ये. माजी संरक्षणमंत्री फ्रँक कार्लुची संस्थेत आले आणि संरक्षण उद्योगातील कंपन्या खरेदी झाल्या. पुढे जेम्स बेकर, थोरले बुश, ब्रिटनचे जॉन मेजर असे सत्तेतून उतरलेले मातब्बरही सल्लागार म्हणून जोडले गेले. आज ही संस्था ४०० अब्ज डॉलरांहून अधिक मालमत्तेचे व्यवस्थापन करते.

६/ प्रायव्हेट इक्विटीची रीत थोडक्यात अशी : पेन्शन निधी, विद्यापीठे, धनाढ्य व्यक्ती यांच्याकडून पैसा गोळा करायचा, त्यावर मोठे कर्ज काढून कंपनी विकत घ्यायची, काही वर्षे चालवायची आणि नफ्याने विकायची. कर्जाचा बोजा बहुधा विकत घेतलेल्या कंपनीच्याच डोक्यावर. व्यवस्थापकांना रूढ प्रथेप्रमाणे निधीच्या सुमारे २ टक्के वार्षिक शुल्क आणि नफ्याचा २० टक्के वाटा.

७/ हा नफ्यातला वाटा म्हणजे ‘कॅरिड इंटरेस्ट’. मेहनतीचा मोबदला असूनही अमेरिकी करव्यवस्था त्याला पगार न मानता भांडवली नफा मानते. पगारावरील कमाल केंद्रीय दर ३७ टक्के, दीर्घकालीन भांडवली नफ्यावरचा २० टक्के. वादाचे मूळ या फरकात आहे.

८/ पद्धतीची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ज्या डिसेंबरात सनद विकत घेतली गेली, त्याच महिन्यात कार्लाइलने ‘मॅनरकेअर’ ही वृद्ध व रुग्णांच्या शुश्रूषा केंद्रांची साखळी ताब्यात घेतली. २०११ मध्ये तिच्या इमारती व जमिनी ६.१ अब्ज डॉलरना विकल्या गेल्या. काल स्वतःच्या असलेल्या वास्तूंचे भाडे केंद्रांना भरावे लागू लागले. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. काळजीचा दर्जा घसरल्याचे ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने लिहिले, कार्लाइलने ते नाकारले.

९/ आता दानाकडे. २०१० मध्ये, ‘गिव्हिंग प्लेज’वर सह्या करणाऱ्या पहिल्या धनिकांत रुबेन्स्टाइन होते : संपत्तीचा निम्म्याहून अधिक भाग दान करण्याची ही प्रतिज्ञा. २३ ऑगस्ट २०११ च्या भूकंपात वॉशिंग्टन स्मारकस्तंभाला तडे गेले. दुरुस्तीचा खर्च दीड कोटी डॉलर. निम्मा सरकारचा, निम्मा रुबेन्स्टाइन यांचा. मे २०१४ मध्ये स्तंभ पुन्हा खुला झाला.

१०/ या स्तंभाचा इतिहास इथे फार बोलका आहे. १८४८ मध्ये काम सुरू झाले ते लोकवर्गणीतून. १८५४ च्या सुमारास पैसा आटला, राजकारण आडवे आले आणि अर्धवट स्तंभ दोन दशकांहून अधिक काळ तसाच उभा राहिला. १८७६ मध्ये काँग्रेसने काम हाती घेतले. १८८४ मध्ये ते पुरे झाले. वर्गणीचा संगमरवर कुठे संपतो आणि सरकारी खजिन्याचा कुठे सुरू होतो, हे दगडाच्या बदललेल्या रंगछटेवरून आजही दिसते.

११/ रुबेन्स्टाइन याला ‘देशभक्तीपर दातृत्व’ म्हणतात. लिंकन स्मारकासाठी १ कोटी ८५ लाख डॉलर, अभिलेखागारातील नव्या दालनासाठी व अभ्यागत केंद्रासाठी १ कोटी ३५ लाख. १६४० साली छापलेले ‘बे साम बुक’, म्हणजे आजच्या अमेरिकेच्या भूमीवर इंग्रजी वसाहतीत छापले गेलेले पहिले पुस्तक, त्यांनी २०१३ मध्ये सुमारे १ कोटी ४२ लाखांना घेतले आणि ग्रंथालयांना प्रदर्शनासाठी दिले.

१२/ ही केवळ थोरामोठ्यांची आरती नव्हे, हे मान्य केले पाहिजे. जेफरसन यांच्या माँटिसेलो निवासस्थानाला दिलेल्या १ कोटीतून गुलामांची वस्ती असलेल्या ‘मलबेरी रो’चे पुनरुज्जीवन झाले. आर्लिंग्टन हाउसमध्येही गुलामांच्या खोल्यांकडे लक्ष दिले गेले. अभिलेखागारात सनदेच्या शेजारी कृष्णवर्णीय, स्त्रिया व स्थलांतरित यांच्या हक्कलढ्यांची कागदपत्रे मांडली आहेत.

१३/ तरीही प्रश्न उरतोच. करसवलतीमुळे खजिन्यात न आलेला पैसा पुढे दान म्हणून आला, तर त्याचा विनियोग लोकप्रतिनिधी ठरवत नाहीत, दाता ठरवतो. प्रसिद्ध स्तंभाला दाता मिळतो. गावातल्या दप्तरखान्याला, जिथे सामान्य माणसाचे जन्म-मृत्यू आणि जमिनींचे व्यवहार नोंदलेले असतात, तो सहसा मिळत नाही. ‘न्यू यॉर्कर’ने २०१६ मध्ये या विसंगतीवर दीर्घ लेखच छापला.

१४/ ही सवलत काढण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. ओबामा आणि ट्रम्प या दोघांनीही ती संपवण्याची भाषा केली. २०१७ च्या कायद्याने मालमत्ता धारण करण्याची मुदत तीन वर्षांवर नेली, एवढेच. २०२२ मध्ये आणखी कडक तरतूद विधेयकात होती. सिनेटर सिनेमा यांच्या आग्रहामुळे ती गळली. या उद्योगाच्या संघटना दर वेळी सवलतीच्या बाजूने उभ्या होत्या.

१५/ रुबेन्स्टाइन यांना ढोंगी ठरवून हा विषय संपत नाही. त्यांनी दिलेला पैसा खरा आहे आणि त्यातून वाचलेले दगड व कागदही खरे आहेत. पण दाता कितीही उदार असला तरी दान ही त्याची मर्जी असते. कर हे सर्वांनी मिळून ठरवलेले कर्तव्य असते. १२९७ चे सरदार दानशूर राजा मागत नव्हते. खजिन्यात काय येईल हे कोणाच्या संमतीने ठरावे, एवढेच ते विचारत होते. आज त्यांची सनद काचेआड सुरक्षित आहे, आणि त्यांचा प्रश्न अजून खुला आहे.

(समाप्त)