आजी बरोबर, मामा बरोबर, कागदही बरोबर : दृढीकरणाच्या स्पॉन्सरचा इतिहास



'पेट'ची तयारी करताना साधनचिकित्सेचं प्रकरण तुम्ही वाचलं असेलच. प्राथमिक साधन, दुय्यम साधन, अंतर्गत चिकित्सा, बाह्य चिकित्सा हे सगळं पाठ होतं. पण दोन विश्वासार्ह साधनं एकमेकांच्या अगदी विरुद्ध बोलायला लागली की आपण अडतो. खरं कुणाचं धरायचं? आज याच प्रश्नावर बोलू. उदाहरण माझ्या घरातलं आहे.

आम्ही वसईकडचे कॅथलिक. माझ्या पंधरा वर्षांच्या मावसभावाचं यंदा दृढीकरण आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे बाप्तिस्मा तान्हेपणी होतो. मूल जाणतं झालं की बिशप त्याच्या कपाळावर पवित्र तेलानं क्रूसाची खूण करतात, ते दृढीकरण. त्या वेळी उमेदवाराच्या खांद्यावर उजवा हात ठेवून एक मोठं माणूस उभं राहतं. तो स्पॉन्सर. आमच्यात धर्मपिता, धर्ममाता असंही म्हणतात.

तर स्पॉन्सर कोण, यावर घरात चर्चा सुरू झाली. आजी म्हणाली, "बाप्तिस्म्याचा धर्मपिता परत चालत नाही. दुसरा माणूस लागतो. आणि मुलाला पुरुषच लागतो." मोठे मामा म्हणाले, "असं काही नाही. १९७८ साली माझ्या मागे आपले बाबाच उभे होते." चर्चमधून आलेल्या कागदावर लिहिलं होतं : शक्यतो बाप्तिस्म्याचेच धर्मपिता किंवा धर्ममाता असावेत, आईवडील चालणार नाहीत. आणि ज्याचं दृढीकरण तो मला विचारत होता, "ताई, तू राहशील का?"

तीन साधनं, तीन नियम. पहिली प्रतिक्रिया काय होते आपली? छापील कागद खरा, आजीचं वय झालंय, मामांची आठवण चुकत असेल. इथंच थांबा. मौखिक साधन लेखी साधनाशी जुळत नाही म्हणून ते लगेच चूक ठरवायचं नसतं.

पहिली पायरी : प्रत्येक साधनाला तारीख लावा

लॅबमध्ये काम करणाऱ्यांना हे लवकर कळेल. दोन जणांची रीडिंग जुळत नसतील तर आधी विचारायचं, तुम्ही प्रोटोकॉलची कोणती आवृत्ती वापरलीत? इथंही तेच केलं.

आजीचं दृढीकरण १९५० च्या दशकातलं. तेव्हा १९१७ ची कॅनन कायद्याची संहिता लागू होती. तिच्या ७९६ व्या कलमात स्पष्ट आहे की दृढीकरणाचा स्पॉन्सर बाप्तिस्म्याच्या स्पॉन्सरहून वेगळा असावा आणि उमेदवाराच्याच लिंगाचा असावा. सबळ कारण असेल तर सूट होती, पण नियम हाच. आजी शंभर टक्के बरोबर.

१९७१ साली पोप सहावे पॉल यांनी दृढीकरणाचा नवा विधी लागू केला. त्यात बाप्तिस्म्याच्याच धर्मपालकानं दृढीकरणालाही उभं राहणं योग्य मानलं आणि वेगळ्या माणसाची जुनी अट नाव घेऊन रद्द केली. आईवडिलांनी स्वतः मुलाला पुढे आणायलाही मुभा दिली. मामांचं १९७८ साल या काळात येतं. मामाही बरोबर.

मग १९८३ ची नवी संहिता आली. कलम ८९२ आणि ८९३ नुसार स्पॉन्सर शक्यतो असावा आणि तो बाप्तिस्म्याचाच असणं इष्ट. पण त्याला कलम ८७४ च्या अटी लागू झाल्या : साधारणपणे वय १६ पूर्ण, स्वतः कॅथलिक, स्वतःचं दृढीकरण झालेलं, श्रद्धेला साजेसं जगणं, आणि तो उमेदवाराचा बाप किंवा आई नसावा. पुरुष की बाई, ही अटच राहिली नाही. कागदही बरोबर.

म्हणजे विरोध साधनांमध्ये नव्हताच. एका घरात तीन काळ एकत्र जेवायला बसले होते, इतकंच. आजीची आठवण हा १९१७ च्या संहितेचा आमच्या घरात उरलेला पुरावा आहे. तो चूक म्हणून टाकून दिला असता तर पुढचा प्रश्नच पडला नसता.

दुसरी पायरी : नियम कोणत्या अडचणीवर काढला होता?

तारीख लागली की बरेच जण थांबतात. पण "वेगळाच हवा" पासून "तोच बरा" इथपर्यंत नियम उलटा का झाला? त्यासाठी मागे जावं लागतं.

इ.स. २०० च्या सुमारास कार्थेजमध्ये तर्तुलियन बाप्तिस्म्यावर लिहितो. लहान मुलांच्या बाप्तिस्म्याची घाई नको, असं त्याचं म्हणणं. त्याच्या कारणांपैकी एक मजेशीर आहे : जामीन राहणाऱ्यांना उगाच धोक्यात का घालायचं? ते मरून जातील आणि वचन अपुरं राहील, किंवा मूल मोठं होऊन वाईट निघेल. इथं त्यानं वापरलेला लॅटिन शब्द 'स्पॉन्सोरेस', म्हणजे हमी घेणारे. स्पॉन्सर म्हणजे मुळात जामीनदार.

चौथ्या शतकाच्या अखेरीस एजिरिया नावाची एक बाई यात्रेसाठी जेरुसलेमला गेली आणि तिथं जे पाहिलं ते तिनं लिहून ठेवलं. उपवासकाळाच्या सुरुवातीला उमेदवार एकेक करून बिशपसमोर येत. बिशप शेजाऱ्यांना विचारत : हा नीट वागतो का? आईबापांचा मान ठेवतो का? दारुडा किंवा खोटारडा तर नाही ना? उत्तर वाईट आलं तर उमेदवाराला परत पाठवत, आधी सुधारून ये म्हणत. परगावच्या माणसाला ओळखणारं कुणी नसेल तर बाप्तिस्मा मिळणं अवघड. म्हणजे साक्षीदार हे शोभेचं पद नव्हतं. त्याच्या शब्दावर कुणाचं तरी आत येणं किंवा बाहेर राहणं ठरत होतं.

त्या काळी बाप्तिस्मा आणि तेलाचा अभिषेक एकाच सोहळ्यात होत. पूर्वेकडच्या चर्चमध्ये आजही होतात, धर्मगुरूच दोन्ही करतो. पश्चिमेत कपाळावरचा अभिषेक बिशपसाठी राखून ठेवला गेला. पोप पहिला इनोसंट याचं ४१६ सालचं पत्र त्याचा पुरावा आहे. आता बिशप एक आणि गावं अनेक. मूल जन्मल्यावर बाप्तिस्मा गावातच व्हायचा, पण दृढीकरण बिशप येईल तेव्हा. दोन सोहळ्यांत वर्षांचं अंतर पडलं. दुसऱ्या सोहळ्याला पुन्हा कुणीतरी उभं राहायला हवं, म्हणून दुसरा स्पॉन्सर.

नात्याची भानगड

यात आणखी एक धागा मिसळला. धर्मपिता हा बापासारखाच, मग त्याच्याशी लग्न कसं होईल? सम्राट जस्टिनियननं ५३० साली कायदाच केला की धर्मपित्यानं आपल्या धर्मकन्येशी लग्न करू नये. पुढे हे आध्यात्मिक नातं वाढत गेलं. मुलाचे आईबाप आणि धर्मपालक यांच्यातही ते मानलं जाऊ लागलं. आठव्या शतकात फ्रँक राज्यात ते दृढीकरणालाही लागू झालं.

आता यातून निघणारं गणित बघा. आईनंच आपल्या मुलाला बिशपसमोर धरलं, तर ती मुलाची धर्ममाता झाली. मग मुलाच्या बापाशी तिचं नातं काय? आध्यात्मिक. म्हणजे लग्नाला अडथळा. म्हणजे नवऱ्यापासून सुटका!

हा माझा कल्पनाविलास नाही. ८१३ साली फ्रान्समधल्या शालोंच्या धर्मसभेपुढे हीच तक्रार होती : काही बायका निष्काळजीपणानं, तर काही नवऱ्यापासून वेगळं होता यावं म्हणून मुद्दाम, स्वतःच्या मुलांना दृढीकरणाच्या वेळी बिशपसमोर धरतात. सभेनं ठरवलं की अशा बाईनं प्रायश्चित्त घ्यावं, पण लग्न मोडणार नाही. त्याच वर्षी माइन्झच्या सभेनं आईबापांना स्वतःच्या मुलाचे धर्मपालक होण्याची मनाई केली.

याच विषयावर एक रंगतदार कथाही आहे. ७२७ च्या सुमारास लिहिलेल्या एका निनावी फ्रँक इतिहासात सांगितलंय की राजा चिल्पेरिक युद्धावर असताना फ्रेडेगुंडनं राणी ऑडोव्हेराला फसवून तिच्याच मुलीची धर्ममाता व्हायला लावलं, आणि त्यामुळे राणीचं लग्न मोडलं. प्रबंधात घालायचा मोह होतो ना? पण थांबा. राणी सहाव्या शतकातली. तिच्या काळातला इतिहासकार, टूरचा बिशप ग्रेगरी, हिच्याबद्दल लिहितो, पण ही युक्ती त्याच्याकडे नाही. आणि मुलाची आई व धर्मपिता यांच्या लग्नावर रोमच्या सभेनं बंदी घातली ती ७२१ साली, म्हणजे ग्रंथ लिहिला गेला त्याच्या जरासं आधी. म्हणून ही कथा सहाव्या शतकाचा पुरावा म्हणून वापरायची नाही. आठव्या शतकातल्या लोकांच्या डोक्यात काय चाललं होतं, त्याचा मात्र ती उत्तम पुरावा आहे. साधन फेकून द्यायचं नाही, योग्य शतकात ठेवायचं.

वही कुठून आली

नाती इतकी पसरली की कोण कुणाशी लग्न करू शकतो हेच कळेना. ट्रेंटच्या धर्मसभेनं ११ नोव्हेंबर १५६३ ला यावर कात्री चालवली. बाप्तिस्म्याला एक, फार तर एक पुरुष आणि एक स्त्री, इतकेच धर्मपालक. दृढीकरणातून येणारं नातंही मोजक्या माणसांपुरतं आणलं. आणि धर्मगुरूनं धर्मपालकांची नावं वहीत लिहून ठेवावीत, असं सांगितलं. १६१४ च्या रोमन विधिग्रंथात बाप्तिस्मा, लग्न आणि मृत्यूबरोबर दृढीकरणाच्या वहीचाही नमुना आहे. १५३४ पासून पोर्तुगीजांकडे असलेली आमची वसई तेव्हा गोव्याच्या धर्मप्रांताखाली होती. १५६७ च्या गोव्याच्या प्रांतीय धर्मसभेतून ट्रेंटचे निर्णय इकडे आले.

आज सामाजिक इतिहासाचे अभ्यासक या वह्यांवर जगतात. इटलीचे गिडो अल्फानी यांनी तिथल्या बाप्तिस्म्याच्या वह्यांवरून ट्रेंटच्या आधी आणि नंतर धर्मपालकांची संख्या व निवड कशी बदलली हे मांडलं. पण तुम्ही अशी वही हातात घ्याल तेव्हा एक प्रश्न विसरू नका : १५६३ नंतर नावं कमी झाली, ती माणसं कमी झाली म्हणून की लिहिण्याचा नियम बदलला म्हणून? डेटामध्ये उडी दिसली की आधी मोजपट्टी बदलली का ते बघायचं.

मग नियम उलटा का झाला?

आता आजीच्या नियमाकडे परत येऊ. दोन सोहळ्यांना दोन माणसं, ही रोमची जुनी चाल असल्याचं ११४० च्या सुमारास ग्रेशियनच्या संग्रहात नोंदलंय. गरज असेल तर एकच चालेल, अशी सूटही तिथंच आहे. १९१७ च्या संहितेनं तीच चाल कलमात बांधली. पण त्याच संहितेनं दृढीकरणाच्या नात्याचा लग्नातला अडथळा काढून टाकला, आणि १९८३ ला लॅटिन चर्चमध्ये बाप्तिस्म्याचाही गेला. नात्याचं गणित संपलं. दुसरीकडे दुसऱ्या व्हॅटिकन सभेनं १९६३ साली म्हटलं की दृढीकरण हा बाप्तिस्म्याचाच पुढचा टप्पा आहे हे विधीतून दिसलं पाहिजे. ते दाखवायची सर्वांत सोपी रीत कोणती? तोच माणूस पुन्हा उभा राहणं. अडचण बदलली, नियम उलटला.

आईवडिलांच्या मनाईचं मात्र वेगळं झालं. नवव्या शतकात तिच्यामागे लग्न मोडण्याची भीती होती. आज ती भीती कुणालाच नाही. आता सांगतात की आईवडिलांची जबाबदारी त्यांची आहेच, स्पॉन्सर म्हणजे जास्तीचा आधार. नियम तोच, कारण नवीन. म्हणून आजचं कारण उचलून जुन्या शतकाला चिकटवायचं नाही. तुमच्या विषयात धर्म नसेल, जमीनमहसूल असेल किंवा विद्यापीठाचे नियम असतील, तरी प्रत्येक नियमासाठी दोन रकाने करा : कधीचा आणि कशासाठी.

राहिला मावसभावाचा प्रश्न. त्याचा धर्मपिता परदेशी असतो, त्यामुळे वेगळं माणूस चालणार होतं. वय, दृढीकरण, सगळ्या अटींत मी बसते. अडले ती एकाच ओळीवर, श्रद्धेला साजेसं जगणं. पीएच.डी.च्या चार वर्षांत माझे बरेचसे रविवार लॅबमध्ये गेलेत. जेरुसलेमचा तो बिशप शेजाऱ्यांना विचारत होता हे वाचल्यावर मला नुसती सही करून मोकळं होता येईना. मी भावाला हे सरळ सांगितलं. तो म्हणाला, "मग या रविवारपासून माझ्याबरोबर मिस्साला ये."

तीन रविवार झाले. काल मी हो म्हटलं. आजीला नवीन कलम वाचून दाखवलं तेव्हा तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि त्याला पुढे काही अडलं तर जाशील ना धावून?" तर्तुलियनची शंका हीच होती.